डेंग्यू झाला, उरले नऊ आठवडे: गोव्याची हाफ आयर्नमॅन करावी की सोडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोव्हेंबरमध्ये गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची हाफ आयर्नमॅन आहे, नाव नोंदवून पैसे भरून झालेत. उन्हाळ्यापासून तयारी छान चालली होती. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, दवाखान्यात राहावं लागलं आणि तीन-साडेतीन आठवडे हातचे गेले. आता नऊ आठवडे उरलेत. जिना चढला तरी धाप लागते, धावायला घेतलं की नडगी दुखते. तलावात निवांत दोन किलोमीटर पोहता, पण समुद्राच्या नुसत्या विचाराने छाती धडधडते. तर करावं की सोडावं?

माझं उत्तर: आज ठरवू नका. मात्र कधी ठरवायचं ती तारीख आणि कशावरून ठरवायचं ते निकष आजच कागदावर लिहा. तारीख शर्यतीच्या तीन आठवडे आधीची. तोपर्यंत 'होईल का, होईल का' हे मनात घोळवायचं नाही, त्या दिवसापुरतं ठरलेलं काम करायचं. प्रशिक्षक म्हणून मी पाहत आलोय की आजारपणाने जेवढ्यांची शर्यत जाते, त्याहून जास्त जणांची आजारपणानंतरच्या घाईने जाते.

घाई कशाला म्हणतो ते सांगतो. साडेतीन आठवड्यांत सुटलेले वर्कआउट्स उरलेल्या नऊ आठवड्यांत कोंबायचे. तसं करू नका. सुटलेला वर्कआउट सुटला. आजपासूनचा आराखडा आजच्या शरीरावर बेतायचा, जुलैमधल्या शरीरावर नाही. घड्याळातले जुलैचे पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) आणि वॅट्स (सायकलवर लावलेली ताकद) सध्या बघूच नका.

यामागे शरीराचं एक साधं गणित आहे. विश्रांतीच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच वेगाला ठोके वाढतात आणि धाप लागते. हे जितकं लवकर जातं तितकंच लवकर परत येतं. दोन-तीन आठवडे नियमित हलका व्यायाम झाला की तुम्हाला वाटेल, 'अरे, आलो की परत!' धोका नेमका तिथे असतो. हृदय-फुप्फुसं सावरलेली असतात, पण पोटरी, टाच, नडगीचं हाड, गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध अजून सावरलेले नसतात. त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. दम टिकतोय म्हणून पाय वापरले जातात आणि पाय बोलायला लागतात. तुमची नडगी हेच सांगतेय.

डेंग्यूबद्दल थोडं सविस्तर, कारण दरवर्षी पावसाळ्यात हा प्रश्न येतो. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, म्हणजे तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर. महाराष्ट्रात हेच महिने डेंग्यू, चिकुनगुन्या, व्हायरल ताप, निसरडे रस्ते आणि खड्ड्यांचे. अडथळा येणार हे धरूनच इथल्या माणसाने आराखडा करावा. युरोपातल्या वेबसाइटवरून उतरवलेला सोळा आठवड्यांचा तक्ता आपल्या पावसाळ्यात जसाच्या तसा पार पडला, असं फार क्वचित होतं.

प्लेटलेट्स नॉर्मल झाल्या म्हणजे शरीर बरं झालं असं नाही. डेंग्यूनंतरचा थकवा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो आणि काही जणांत हृदयाच्या स्नायूवरही परिणाम होतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा: 'मला सात-आठ तासांची शर्यत करायची आहे, ईसीजी आणि गरज वाटली तर इको करून घेऊ का?' नुसतं 'व्यायाम करू का' असं विचारलंत तर ते सकाळच्या फेरफटक्याचा विचार करून 'करा' म्हणतील. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांतलं काही जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि तपासून घ्यायचं. यात तडजोड नाही.

रोज सकाळी उठल्या-उठल्या अंथरुणातच नाडी मोजा आणि लिहून ठेवा. आजारापूर्वी ती ५६ असेल आणि आज ६६ असेल, तर त्या दिवशी चालणं आणि स्ट्रेचिंग, बाकी काही नाही. आदल्या दिवसाचा व्यायाम पचला की नाही, हे सांगणारं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

पहिले तीन आठवडे सगळं काही गप्पा मारता येतील अशा वेगात. पोहणं आधी, कारण त्यात हाडांवर भार नाही. नंतर सायकल, तीही घरात होम ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येते त्या स्टँडवर. धावणं सगळ्यात शेवटी: चार मिनिटं चालणं, एक मिनिट हलकं धावणं, अशी सुरुवात. नडगीसाठी एक चाचणी करा. दुखऱ्या पायावर उभं राहून हळूच उडी मारा. हाडाच्या एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असं टोचून दुखलं, तर धावणं पूर्ण बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे' या वाक्यावर विसंबू नका. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने पसरट असेल आणि चार पावलांनंतर कमी होत असेल, तर ते बहुधा भार अचानक वाढल्याचं आहे. भार कमी करा, पोटरीचे व्यायाम करा, दर दुसऱ्या दिवशीच धावा.

पुढच्या तीन आठवड्यांत आठवड्याला एक लांब राइड आणि एक लांब पोहणं वाढवत न्यायचं. राइडनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटांचं धावणं, म्हणजे ब्रिक, आठवड्यातून एकदा. या सहा आठवड्यांत घरी गणपती, नवरात्र येतील. पुण्यात राहत असाल तर विसर्जनाच्या दिवसांत मधल्या भागात सायकल काढायचा विचारही सोडा. नवरात्राचा उपवास करत असाल तर करा, साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे कर्बोदकंच आहेत. पण आजारातून उठलेल्या शरीराने निरंकार उपवासाच्या दिवशी तीन तासांची राइड करायची नाही. त्या दिवशी विश्रांती घ्या. सणाचा दिवस घरच्यांना मोकळेपणाने दिलात, तर पुढच्या रविवारी पहाटे साडेचारचा गजर घरात कोणाला खुपत नाही.

आता धीर देणारी गोष्ट, तीही आकड्यांत. ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज ७०.३ होते म्हणून ते नाव. या अंतराच्या शर्यतीत साधारण साडेआठ तासांची एकूण मुदत असते आणि पोहण्याला एक तास दहा मिनिटं. तुमच्या वर्षीची नेमकी वेळ स्पर्धकांच्या माहितीपत्रकात बघून घ्या. एक तास दहा मिनिटं म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. तलावात तुम्ही अडीच मिनिटांत १०० मीटर पोहता, म्हणजे समुद्रात वाट वाकडी झाली, मध्ये थांबलात, तरी हाताशी भरपूर वेळ आहे. समजा पोहायला ५५ मिनिटं लागली, दोन्ही ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलायचा वेळ) मिळून १४ मिनिटं, सायकल ताशी २५ च्या वेगाने ३ तास ३६ मिनिटं. पावणेपाच तास झाले. हाफ मॅरेथॉनला पावणेचार तास उरतात, म्हणजे किलोमीटरला १० मिनिटं ४० सेकंद. हा झपाझप चालण्याचा वेग आहे. सायकल ताशी २२ वर आली तरी किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं मिळतात, म्हणजे थोडं धावणं, थोडं चालणं. तेव्हा तुमच्यासमोरचा खरा प्रश्न 'मी २१ किलोमीटर पळू शकेन का' हा नाही. पावणेपाच तासांनंतर, डोक्यावर ऊन असताना, पोट आणि डोकं ठिकाणावर ठेवून मी चालत-पळत राहू शकेन का, हा आहे. तयारी त्याचीच करायची.

समुद्राच्या भीतीवर जरा थांबतो, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी तिच्यावर आहेत आणि ते योग्यच आहे.

तलावात २५ मीटरवर भिंत येते, तळ दिसतो, काळी रेघ दिसते. तुम्हाला कळत नसतं, पण दर भिंतीवर तुम्ही जरासे विसावता. समुद्रात यातलं काही नाही. पाणी गढूळ, लाटेने तोंडात खारं पाणी, शेजाऱ्याचा हात खांद्यावर. माणूस श्वास रोखतो, मग घाईने घेतो, पुरता सोडत नाही. छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि 'हवा कमी पडतेय' असं वाटायला लागतं. हवा भरपूर असते, आतली सोडलेली नसते. म्हणून उपाय श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. तोंड पाण्यात असताना सतत, हळू, बुडबुडे सोडत राहायचे. याचा सराव तलावातच होतो: भिंतीला हात न लावता, मधेच वळून, सलग ४०० मीटर, ८०० मीटर, मग १५०० मीटर. तलावाच्या काही फेऱ्यांत चार हात डोळे मिटून मारा आणि पाचव्याला मान वर करून समोरची खूण बघा. मित्रांना सांगा, तुमच्या दोन्ही बाजूंना खेटून पोहायला. विहिरीत, नदीत पोहायला शिकलेली कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी या बाबतीत पुढे असतात, त्यांच्या पोहण्यात भिंत कधी नव्हतीच.

पावसाळ्यात समुद्रात, खाणींच्या खड्ड्यांत किंवा धरणात सरावाला जाऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ऑक्टोबरमध्ये समुद्र शांत व्हायला लागतो. तेव्हा मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यातच, जाणत्या प्रशिक्षकासोबत आणि शेजारी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) असेल तरच, दोन-तीनदा उतरा. गोव्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचा लाल झेंडा लागला असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. पहिल्या दिवशी अंतर मोजूच नका. पाण्यात पाठीवर पडून राहायला शिका. खारं पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जास्त तोलून धरतं, हे शरीराला एकदा कळलं की निम्मी भीती तिथेच ओसरते. आयर्नमॅनच्या नियमांत वेटसूट, म्हणजे तरंगायला मदत करणारा रबरी सूट, पाणी पुरेसं गार असेल तरच चालतो. गोव्याचं पाणी कोमट असतं, तेव्हा वेटसूटचा आधार मनातून काढून टाका आणि सराव साध्या ट्रायसूटमध्येच (तिन्ही प्रकारांत चालणारा घट्ट कपडा) करा.

आणि हा नियम पाठ करा, कारण कित्येकांना तो माहीतच नसतो: पोहताना तुम्ही कयाक, बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा जीवरक्षकाचा बोर्ड धरून विश्रांती घेऊ शकता. त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, एवढंच. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पोहणं चालतं. म्हणजे घाबरलात तर शर्यत संपत नाही. एक हात वर करा, कयाक येईल, धरा, दहा वेळा लांब श्वास सोडा, मग पुढे. सुरुवातीला मागच्या गटात, कडेला उभे राहा आणि पहिले २०० मीटर मुद्दाम हळू जा. जेलीफिशचा चटका बसू शकतो, आग होते आणि बहुतेकांची हळूहळू कमी होते. आधीच माहीत असेल तर माणूस दचकत नाही. सूज यायला लागली किंवा श्वास अडकतोय असं वाटलं, तर मात्र लगेच हात वर करायचा.

सायकलबद्दल थोडक्यात. दोन ट्यूब, टायर लीव्हर, पंप किंवा सीओटू (हवा भरायची छोटी गॅसची नळी), आणि मागचं चाक काढून पंक्चर काढायचा घरी इतका सराव की हात आपोआप चालावेत. शर्यतीत तुमची माणसं येऊन मदत करू शकत नाहीत. नवीन टायर, नवीन सीट, नवीन बूट शेवटच्या तीन आठवड्यांत नाही. प्लेटलेट्सचा रिपोर्ट पूर्ण ठीक येईपर्यंत रस्त्यावर सायकल नको. तेव्हा पडलात तर साधं खरचटणंही महागात जाईल.

पोट आणि ऊन. सकाळी सातच्या आसपास सुरुवात धरली तर वरच्या हिशोबाने तुम्ही पावणेबाराला धावायला लागणार. गोव्याचा दमटपणा आणि दुपारचं ऊन, घाम सुकतच नाही. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत काही वर्कआउट मुद्दाम सकाळी दहानंतर, हलक्या वेगाने करा. होम ट्रेनरवर पंखा बंद ठेवला तरी चालेल, पण त्या वेळी घरात दुसरं कोणीतरी असायला हवं.

घाम किती जातो ते मोजा. तासाभराच्या राइडच्या आधी आणि नंतर, कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. आपल्याकडे सगळे इलेक्ट्रालवर भिस्त ठेवतात. ते मिठासाठी उत्तम आहे, पण एक लिटरला त्यात ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम. लांब शर्यतीत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. बाटलीत इलेक्ट्राल आहे म्हणून पोटाची सोय झाली असं समजू नका. जेल, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळं, जे पचतं ते, पण दर वीस मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. आणि हे सगळं लांब राइडला करून बघितलेलं हवं. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. बोटांवरची अंगठी घट्ट व्हायला लागली, डोकं जड झालं, मळमळलं, तर आणखी पाणी नको, मेडिकल टेंट गाठा. वेदनाशामक गोळ्या खाऊन शर्यत करायची नाही. घामाने आटलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि तुम्ही तर नुकतेच डेंग्यूतून उठलाय.

सोडणं म्हणजे हार, असं तुम्ही लिहिलंय. तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. जर्मनीचा ट्रायथलॉनपटू यान फ्रोडेनो घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचा विजेता, २०१५ आणि २०१६ ला हवाईच्या कोना इथला, पूर्ण आयर्नमॅनचा (७०.३ च्या दुप्पट अंतर) जगज्जेता. २०१७ ला तिथेच त्याची पाठ धरली. मॅरेथॉनमध्ये तो चालत, थांबत, पाठ ताणत राहिला आणि सव्वानऊ तासांनी शेवटची रेषा ओलांडली. २०१८ ला तो उत्तम फॉर्मात होता, पण स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं आणि तो कोनाला सुरुवातीच्या रेषेवर उभाच राहिला नाही. २०१९ ला परत आला आणि ७ तास ५१ मिनिटं १३ सेकंदांत तिथला तेव्हाचा विक्रम करून जिंकला. दुखत असताना चालत पूर्ण करणारा आणि हाड दुखावलंय म्हणून न उतरणारा माणूस एकच आहे. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण दोन्ही वेळची इजा वेगळी होती.

जे आपल्या हातात नाही, त्याचं ओझं घेऊ नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पावसामुळे सेन नदीचं पाणी खराब झालं, पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैची ३१ जुलैला गेली. आयुष्यभर तयारी केलेल्या खेळाडूंना आदल्या रात्री माहीत नव्हतं की सकाळी उतरायचंय की नाही. गोव्याचीही शर्यत २०१९ ला पहिल्यांदा झाली आणि नंतरची दोन वर्षं कोविडमध्ये गेली. तयारी केलेली माणसं २०२२ पर्यंत थांबली.

आता ते निकष, कागदावर उतरवायचे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी: डॉक्टरांचा होकार आहे का. सकाळची नाडी आजाराआधीच्या आसपास आली आहे का. समुद्रात किमान हजार मीटर, कयाक धरून का होईना, पूर्ण केलेत का. ७० किलोमीटरची राइड करून लगेच पाऊण तास चालणं-धावणं झालं का आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नीट चालू शकलात का. दुखऱ्या पायावर उडी मारली तरी नडगी शांत राहते का. पहिल्या किंवा शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असेल तर शर्यत नाही, चर्चा नाही. समुद्राच्या प्रश्नाला 'नाही' असेल तर आयोजकांना रिलेबद्दल विचारा. सायकलचा टप्पा तुम्ही करा, पोहायला-धावायला मित्र घ्या. राइडचा प्रश्न अर्धवट असेल तर उतरा, पण सायकल आणखी हळू आणि धावण्याच्या पहिल्या किलोमीटरपासून चालणं-धावणं, असं आधीच ठरवून.

हा कागद घरच्यांना दाखवा आणि एका मित्राच्या हातात द्या, जो तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. त्या तारखेला मला परत लिहा. सोबत सकाळच्या नाडीची वही, ७० किलोमीटरच्या राइडच्या आधीचं आणि नंतरचं वजन आणि त्या राइडला काय-काय, किती वाजता खाल्लंत ते पाठवा. त्यावरून शर्यतीच्या दिवसाचा वेग आणि खाण्याचं वेळापत्रक आपण बसवू.